हिवाळ्यातलं हेलसिंकी: पावणेसहा तासांच्या उजेडात शहर कसं पाहायचं

परदेशातली शहरं पाहता पाहता आज आपण फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत आलो आहोत, आणि तेही ऐन हिवाळ्यात. हा विषय मुद्दाम घेतला. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, पुणे अशा ठिकठिकाणच्या घरांतली मुलं-मुली आता तिकडे शिकायला आणि नोकरीला आहेत. ती आईवडिलांना बोलावतात, आणि रजा जमते ती बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारीतच. मग मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एवढ्या थंडीत तिथे बघायचं काय? आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात: आम्हाला या वयात झेपेल का?

दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे. पण त्याआधी एक नमुना सांगते. एका सहल कंपनीचा डिसेंबरचा छापील कार्यक्रम माझ्यासमोर आहे. सकाळी नऊला वस्तुसंग्रहालय, एक वाजता जेवण, मग थोडी विश्रांती, आणि साडेतीन वाजता समुद्रातला किल्ला. कागदावर छान दिसतं. आता २१ डिसेंबरला हेलसिंकीत काय होतं ते बघा. सूर्य उगवतो सकाळी नऊ-पंचवीसच्या सुमारास आणि मावळतो दुपारी सव्वातीनच्या आत. म्हणजे उजेड होता तेव्हा मंडळी भिंतींच्या आत होती, आणि अंधार पडल्यावर त्यांना किल्ला बघायला बोटीत बसवणार. असा कार्यक्रम पार पाडलेली माणसं परत येऊन सांगतात की तिथे काही दिसलंच नाही. त्यांचं बरोबरच आहे.

म्हणून माझा हिशेब असा: हिवाळ्यात तिथे दिवस मोजायचे नाहीत. दोन गोष्टी मोजायच्या. उजेड किती शिल्लक आहे, आणि अंगातली ऊब किती शिल्लक आहे.

आधी उजेड. हेलसिंकी ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे, मुंबई १९ अंशांवर. डिसेंबरच्या त्या सर्वांत लहान दिवशी मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. हेलसिंकीत जेमतेम ६ अंश. हात समोर ताणून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे तिथला दुपारी बाराचा सूर्य तुमच्या एका मुठीइतकाही वर येत नाही. चार मजली इमारतींच्या गल्लीत तो पोचतच नाही. मोकळा चौक, समुद्राचा काठ, टेकाड असेल तिथेच तो दिसतो, आणि दिसतो तेव्हा संध्याकाळच्या उन्हासारखा सोनेरी आणि आडवा. फोटो काढणाऱ्यांना तर पूर्ण दिवस म्हणजे ती सोनेरी वेळच.

आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. तिथे तो तिरका, घसरत घसरत जातो, त्यामुळे संधिप्रकाश पाऊण तासाहून जास्त टिकतो. जमिनीवर बर्फ असेल तर तो सगळा निळसर होतो, आणि खिडक्यांतले पिवळे दिवे त्यात उठून दिसतात. फिनिश लोक या वेळेला 'निळा क्षण' म्हणतात. ही वेळ खोलीत चहा पीत घालवू नका.

तर दिवसाची आखणी उलटी करायची. सकाळी घाई नको, नऊपर्यंत अंधारच असतो. पोटभर न्याहारी करून साडेनऊला बाहेर पडायचं. उघड्यावरचं जे काही असेल ते दोनपर्यंत. मध्ये अर्धा तास कॉफीसाठी आत. अडीच-तीनला अशा जागी पोचायचं जिथून निळा क्षण दिसेल. त्यानंतर संध्याकाळ सगळी इमारतींच्या आत: संग्रहालय, वाचनालय, सौना. बरीच संग्रहालयं संध्याकाळपर्यंत उघडी असतात; मात्र अतेनेउमसारखी काही सोमवारी बंद, ते आधी बघून घ्या. उघड्यावरच्या दोन जागा एका दिवसात झाल्या की पुष्कळ झालं.

महिना निवडायची मोकळीक असेल तर फेब्रुवारीचा मध्य घ्या. तेव्हा नऊ तास उजेड असतो, बर्फ बहुधा टिकलेला असतो, बंदर गोठलेलं असण्याची शक्यता जास्त. डिसेंबरात समुद्र अजून पुरता गार झालेला नसतो, त्यामुळे बर्फाऐवजी पावसाची रिपरिप आणि राखाडी चिखल वाट्याला येऊ शकतो. अटलांटिकवरून येणाऱ्या उबदार वाऱ्यांमुळे या शहराची थंडी त्याच्या अक्षांशाच्या मानाने सौम्यच आहे. जानेवारी-फेब्रुवारीची सरासरी उणे ३-४ अंशांच्या आसपास. अधूनमधून उणे १५-२० चे दिवस येतात, पण ते बहुधा फार दिवस टिकत नाहीत.

आता ऊब. गेल्या फेरीत माझ्याबरोबर इंदूरचे एक काका-काकू होते. मुलगा तिथे नोकरीला, त्याला रजा नाही, म्हणून दोघांना फिरवायचं काम माझ्याकडे. काकांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "हे बघ, उणे दहाच्या खाली गेलं की मी बाहेर पडणार नाही. शून्याच्या वर असेल तर म्हणशील तिथे येतो." मी म्हटलं, "काका, नेमकं उलटं करू या."

कारण हे आहे. सर्वांत जास्त घसरायला होतं ते शून्याच्या आसपास. बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो, आणि दिवसा वितळलेलं रात्री पुन्हा गोठून काच होते. उणे १५ ला बर्फ कोरडा असतो, बुटाखाली कुरकुर वाजतो, पाय धरून ठेवतो. तिथली हवामान संस्था पदपथ निसरडे होणार असतील तर चालणाऱ्यांसाठी वेगळा इशारा देते, यावरून काय ते समजा. साठीच्या माणसाला थंडीने काही होण्याआधी पडून मनगट किंवा खुबा मोडण्याचा धोका जास्त, आणि परदेशात ते निस्तरणं म्हणजे पैशाचा आणि जिवाचा घोर. प्रवासाचा विमा घेतल्याशिवाय निघू नका, आणि त्यात आधीचे आजार धरले आहेत का ते वाचून घ्या.

उपाय स्वस्त आहे. बुटावर चढवायच्या रबरी पट्ट्या मिळतात, त्यांना खालून लोखंडी टोकं असतात. तिथले आजी-आजोबा सर्रास वापरतात. दुकानात किंवा ट्रॅममध्ये शिरताना काढायच्या, कारण गुळगुळीत फरशीवर त्याच पट्ट्या घसरवतात. चालताना पावलं लहान, पाऊल सपाट टाकायचं, हात खिशात नको. पदपथावर बारीक खडी पसरलेली दिसेल. काकांना वाटलं, रस्त्याचं काम अर्धवट सोडलंय. ती मुद्दाम टाकतात आणि वसंतात झाडून गोळा करतात. शहराच्या मध्यभागी काही रस्त्यांच्या पोटातून गरम पाण्याच्या नळ्या नेल्या आहेत, तिथे बर्फ साचतच नाही. काकूंना ते रस्ते पहिल्या दिवसापासून पाठ झाले. आणि एखाद्या इमारतीसमोर पदपथ दोरी किंवा फळ्या लावून अडवला असेल तर मुकाट्याने पलीकडून जा. वर छपरावर माणसं बर्फ खाली ढकलत असतात.

कपड्यांबद्दल लोक फार बोलतात, मी थोडक्यात सांगते. अंगाला लागून सुती काही घालू नका. सूत घाम पितं आणि ओलं राहतं, आणि ओला कपडा अंगातली उष्णता कोरड्यापेक्षा कितीतरी पटीने ओढून घेतो. आत लोकरीचा किंवा थर्मलचा थर, मध्ये स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. वाऱ्याला कमी लेखू नका. उणे ५ अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला ते उणे १३ सारखं लागतं, आणि हेलसिंकी तिन्ही बाजूंनी समुद्रात घुसलेलं आहे. बूट एक माप मोठे घ्या. घट्ट बुटात दोन जोड मोजे कोंबले की रक्त खेळत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. भारी जाकिटासाठी इथून हजारो रुपये खर्चून जायची गरज नाही. तिथे वापरलेल्या कपड्यांची चांगली दुकानं जागोजागी आहेत आणि स्थानिक लोकही त्यातच घेतात.

खरी गोम आत-बाहेर करण्यात आहे. बाहेर उणे ५, आत २१ अंश. ट्रॅममध्ये जाकीट उघडलं नाही तर पाच मिनिटांत घाम, आणि तो घाम घेऊन बाहेर आलात की हुडहुडी. म्हणून संग्रहालयात, ग्रंथालयात, नाट्यगृहात शिरल्याबरोबर कोट ठेवायची जागा असते. संकोच न करता सगळं तिथे उतरवा.

दुसरी अडचण कोरडेपणाची. उणे १० अंशांच्या हवेत दर घनमीटरला फार तर सव्वादोन ग्रॅम वाफ मावते. तीच हवा घरात आणून २१ अंशांपर्यंत तापवली की तिची क्षमता होते १८ ग्रॅमच्या आसपास, पण वाफ तेवढीच राहते. म्हणजे आर्द्रता बारा-तेरा टक्के. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी बसते. थंडीत तहान लागत नाही, म्हणून आठवणीने पाणी प्यायचं. नळाचं पाणी बेलाशक प्या. ते पायेन्ने तलावातून १२० किलोमीटर लांबीच्या, खडकात खोदलेल्या बोगद्यातून येतं. खोबरेल तेलाची बाटली नेऊ नका, तिचा दगड होतो. व्हॅसलिन बरं. आणि फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी डोळ्यांदेखत उतरते.

एवढी तयारी झाली की मी सगळ्यांना आधी किल्ल्यावर नेते. उजेडात.

बाजार चौकाच्या धक्क्यावरून सुओमेन्लिन्नाची बोट सुटते. ही पर्यटकांची खास बोट नव्हे, शहराच्या वाहतुकीचा भाग आहे. ट्रॅमचं तिकीट तिला चालतं, आणि ती हिवाळाभर चालू असते. कारण किल्ल्याच्या बेटांवर सुमारे ८०० माणसं राहतात. तुमच्या शेजारी बाजारहाटाच्या पिशव्या घेतलेली बाई बसलेली असेल. प्रवास पंधरा मिनिटांचा. बंदर गोठलेलं असेल तर ती पंधरा मिनिटं विसरणं कठीण. बोट बर्फाचे पत्रे फोडत जाते, ते पत्रे बाजूला उभे राहतात, तळाशी घासल्याचा घरघराट येतो. काकू रेलिंग घट्ट धरून म्हणाल्या, "अगं, ही बोट आहे की नांगर?"

हा किल्ला स्वीडनने १७४८ मध्ये बांधायला घेतला. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता, आणि पूर्वेकडून रशियाचा दाब वाढत होता. ऑगस्टिन एरेन्सव्हर्ड या अधिकाऱ्याने लहान लहान बेटं तटबंदीने जोडून हा जलदुर्ग उभा केला. त्याची कीर्ती अभेद्य म्हणून होती. १८०८ च्या मार्चमध्ये रशियन फौज हेलसिंकीत शिरली आणि तिने किल्ल्याला वेढा घातला. आत सहा हजारांहून जास्त सैनिक, शेकडो तोफा, दारूगोळा. तरी किल्लेदार क्रोनस्टेट याने एप्रिलमध्ये करार केला: ३ मेपर्यंत स्वीडनहून मदतीची जहाजं आली नाहीत तर किल्ला देऊ. जहाजं आली नाहीत. किल्ला गेला, आणि पुढच्या वर्षी सगळा फिनलंड रशियाकडे गेला. क्रोनस्टेटने असं का केलं यावर इतिहासकार अजून वाद घालतात.

पण जून महिन्यात, निळ्या पाण्यात डुलणाऱ्या नौका बघत ही गोष्ट ऐकली तर ती कळत नाही. फेब्रुवारीत तटावर उभं राहिलं की कळते. समोर पाणी नसतंच. किनाऱ्यापर्यंत पांढरं मैदान. जलदुर्गाचा खंदक म्हणजे समुद्र, आणि वर्षातले काही महिने तो खंदक जमीन होतो. शत्रू चालत येऊ शकतो, तोफा ओढून आणू शकतो, आणि मदतीची जहाजं मात्र बर्फ वितळेपर्यंत येऊ शकत नाहीत. आपण जंजिरा पाहिलेली माणसं. भोवतीचं पाणी हीच ज्याची ताकद, असा किल्ला आपल्याला लगेच समजतो. तेच पाणी शत्रूच्या पायाखालचा रस्ता झालं तर काय, हा विचार मात्र आपल्या किनाऱ्यावर कोणाला करावा लागला नाही. काका तटावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मेपर्यंतची मुदत त्याने बर्फाला दिली होती."

या बेटांवर एक खुलं कारागृह आहे आणि तिथले कैदी तटबंदीच्या डागडुजीचं काम करतात, हे अनेकांना माहीत नसतं. १९९१ पासून किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. चर्चच्या घुमटात दीपगृहाचा दिवा आहे. तो चार वेळा लुकलुकतो, मोर्स लिपीतलं हेलसिंकीचं पहिलं अक्षर. तीनच्या सुमाराची बोट पकडलीत तर निळ्या उजेडात मागे वळून तो दिसतो. हिवाळ्यात बेटावरच्या बऱ्याच खाण्याच्या जागा बंद असतात, म्हणून थर्मासमध्ये गरम काहीतरी न्या. दक्षिण टोकाचा वारा बोचरा असतो. गुडघे दुखत असतील तर धक्क्यापासून चर्च आणि मोठ्या अंगणापर्यंत जाऊन परत या, त्यातही पुरेसं पाहून होतं.

इथे एक ताकीद. शहराच्या काठावर गोठलेल्या समुद्रावर माणसं चालताना, भोकं पाडून मासे धरताना दिसतील. त्यांच्या गळ्यात दोन टोकदार खिळे दोरीने लटकवलेले असतात, बर्फ फुटून आत पडलं तर खिळे रोवून वर यायला. त्यांना प्रवाह कुठे आहे, पुलाखाली बर्फ का पातळ असतो, हे ठाऊक असतं. आपण काठावरून बघावं.

शहराच्या मधला भाग पायी दीड-दोन तासांत होतो, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. रशियाच्या ताब्यात गेल्यावर १८१२ मध्ये राजधानी तुर्कूहून हेलसिंकीला आली, आणि बर्लिनहून आलेल्या कार्ल लुडविग एंगेल या वास्तुकाराने सिनेट चौकाच्या भोवतीच्या इमारती रचल्या. पांढरं कॅथीड्रल १८५२ मध्ये पुरं झालं, एंगेल त्याआधी बारा वर्षं वारला होता. बर्फात हे पांढऱ्यावर पांढरं फार सुंदर दिसतं, पण त्याच्या पायऱ्या निसरड्या, वर चढायची जिद्द नको. चौकात मधोमध रशियाच्या दुसऱ्या अलेक्झांडर झारचा पुतळा आहे, १८९४ चा. स्वतंत्र देशाने परक्या बादशहाचा पुतळा ठेवला कसा? कारण त्याने १८६३ मध्ये फिनलंडची प्रतिनिधीसभा पुन्हा बोलावली आणि फिनिश भाषेला सरकारी कामकाजात जागा द्यायला सुरुवात केली. पुढे १८९९ मध्ये दुसऱ्या निकोलसने फिनलंडचे अधिकार आवळले, तेव्हा लोकांनी निषेध म्हणून याच पुतळ्याच्या पायाशी फुलं आणून टाकली. त्या झाराविरुद्ध बोलायला या झाराचा आधार.

अंधार पडल्यावर खडकातलं चर्च, रेल्वे स्टेशन, वाचनालय. तेम्पेलिआउकिओ चर्च १९६९ चं, तिमो आणि तुओमो सुओमालाइनेन या भावांनी केलेलं. खडकाच्या टेकाडात सुरुंग लावून खड्डा केला आणि वर तांब्याचा घुमट बसवला. भिंती तशाच खडबडीत ठेवल्या, म्हणून आवाज तिथे गोल फिरतो. घुमट आणि खडक यांच्यामध्ये काचेची कड आहे, तिच्यातून उजेड येतो, तेव्हा हे एक मात्र दुपारी बारा-एकला पाहिलेलं चांगलं. रेल्वे स्टेशन एलिएल सारिनेनचं, १९१९ मध्ये खुलं झालेलं. दाराशी हातात गोल दिवे धरलेले चार दगडी पुरुष उभे आहेत, ते मात्र रात्रीच बघायचे.

वाचनालयाबद्दल जरा थांबते, कारण मला ते शहरातलं सर्वांत महत्त्वाचं ठिकाण वाटतं. त्याचं नाव ओडी. स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षाची भेट म्हणून ठरवलेलं, ५ डिसेंबर २०१८ ला उघडलेलं, आणि बरोबर संसदेच्या समोर. आत जायला पैसे नाहीत, सभासदत्व नाही, कोणी ओळखपत्र मागत नाही. वरच्या मजल्यावर पुस्तकं आणि मोठमोठ्या काचा. मधल्या मजल्यावर शिलाई यंत्रं, त्रिमिती छपाईची यंत्रं, गाणं ध्वनिमुद्रित करायच्या खोल्या. संध्याकाळी पाचला बाहेर काळोख आणि उणे सहा असताना तिथे शाळेतली पोरं, बाबागाड्या घेतलेल्या आया, बुद्धिबळ खेळणारे म्हातारे आणि एकटी बसलेली माणसं सगळी एका छपराखाली असतात. लांब काळोखात माणूस एकलकोंडा होतो. या शहराने त्यावर सार्वजनिक पैशातून एक दिवाणखाना बांधला आहे. काकूंनी तिथे यंत्रावर काकांच्या कोटाचं अस्तर शिवलं. शेजारच्या मुलीने दोरा ओवायला मदत केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

सौनाचं नाव काढलं की आपली मंडळी अवघडतात. सुमारे छपन्न लाख लोकांच्या देशात सुमारे ३० लाख सौना आहेत, आणि २०२० मध्ये युनेस्कोने सौनाच्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पोहण्याचे कपडे घालून स्त्री-पुरुषांनी एकत्र बसायचं असेल तर समुद्रकाठचं लॉयलू. जुनी पद्धत बघायची तर १९२८ पासूनचं, लाकडावर तापणारं कोतिहार्यू. तिथे बायका-पुरुषांची दालनं वेगळी, आणि आत कपडे नाहीत. टॉवेल गुंडाळून बसलेल्याला कोणी हसत नाही. आत ८० अंशांच्या आसपास तापमान असतं. सर्वांत खालच्या फळीवर बसायचं, पाच-सात मिनिटांत बाहेर यायचं, पाणी प्यायचं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, हृदयाची तक्रार असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि सौनातून निघून बर्फाळ समुद्रात उडी मारण्याच्या भानगडीत तर पडूच नका. ते करणारी माणसं लहानपणापासून करत आलेली असतात.

खाण्याचं फार अवघड नाही. सामन माशाचं दुधाळ सूप, लोहिकेइत्तो, १८८९ पासूनच्या जुन्या बाजार दालनात मिळतं; मासे खाणाऱ्यांनी सोडू नये. शाकाहारी असाल तर मोठ्या दुकानांत शाकाहारी माल भरपूर, फक्त वाटाण्याच्या सुपात बहुधा डुकराचं मांस असतं, विचारून घ्या. राईच्या पातळ कवचात तांदळाची खीर भरलेली कार्यालनपीराक्का पोटभरीची. आणि कोर्वापूस्ती नावाचा दालचिनीचा गोड पाव: तो फोडला की आतून वेलचीचा वास येतो. काकूंनी डोळे मिटून विचारलं, "श्रीखंड कोणी केलंय इथे?"

शेवटी तारखांचं. ६ डिसेंबर हा स्वातंत्र्यदिन, १९१७ चा. संध्याकाळी सहाला घरोघरी खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात आणि विद्यार्थी हातात मशाली घेऊन हिएतानिएमीच्या दफनभूमीपासून सिनेट चौकापर्यंत चालत येतात. डिसेंबरात याच चौकात नाताळचा बाजार भरतो.

२४ तारखेला मात्र दुपारपासून शहर मिटत जातं. दुकानं लवकर बंद, ट्रॅम विरळ होत जातात, २५ ला जवळजवळ सगळं बंद. आपले लोक नेमके तेव्हाच पोचतात आणि हॉटेलच्या खोलीत उपाशी बसतात, म्हणून दोन दिवसांचं दूध, पाव, फळं २३ लाच आणून ठेवा. आणि २४ च्या संध्याकाळी, वाहतूक चालू असेतो, हिएतानिएमीला जाऊन या. त्या संध्याकाळी घरची माणसं आपापल्या थडग्यांवर दिवे लावायला येतात. दूर गावी पुरलेल्यांसाठीही एका जागी मेणबत्त्या ठेवतात. समुद्राच्या काठाला बर्फात हजारो ज्योती, आणि एवढी माणसं असून पावलांखालच्या बर्फाचा तेवढा आवाज. फोटो काढायचे तर लांबून काढा. परतीची शेवटची ट्रॅम किती वाजता आहे ते फाटकातून आत शिरण्याआधीच थांब्यावरच्या पाटीवर बघून ठेवा.